पोटावरची पिशवी आणि कष्टकऱ्याचा दिवस

शस्त्रक्रियेने जीव वाचलेला कामगार पुन्हा आपल्या कामावर उभा राहू शकला की नाही, यावरूनच त्या शस्त्रक्रियेचे यश मोजले गेले पाहिजे. ही कसोटी आपल्याकडील आरोग्यव्यवस्था लावीत नाही. ती रुग्णाला घरी पाठवण्याच्या कागदावर सही करते आणि तेथेच आपली जबाबदारी संपली असे मानते. या निष्काळजीपणाची किंमत ज्यांना रोजच्या रोज मोजावी लागते, अशा रुग्णांच्या एका मोठ्या आणि मुक्या समूहाकडे आपल्या चळवळीचेही पुरेसे लक्ष गेलेले नाही. ज्यांच्या आतड्याचा वा मूत्रमार्गाचा शेवट शस्त्रक्रियेने पोटावर आणून सोडलेला आहे आणि ज्यांना मलमूत्र गोळा करण्यासाठी पोटाला चिकटवलेली पिशवी अहोरात्र वागवावी लागते, असे हे रुग्ण होत.

या छिद्राला वैद्यक स्टोमा म्हणते. मोठे आतडे बाहेर आणले तर कोलोस्टोमी, लहान आतडे आणले तर इलिओस्टोमी आणि मूत्रमार्ग वळवला तर युरोस्टोमी. मोठ्या आतड्याचा वा गुदाशयाचा कर्करोग हे याचे एक प्रमुख कारण असले तरी ते एकमेव नाही. क्षयाने वा विषमज्वराने आतड्याला पडलेले भोक, आतड्याचा पीळ, अपघातात पोटाला झालेली इजा, जन्मतःच गुदद्वार नसलेले मूल अशी अनेक कारणे आहेत. यांतील कित्येक रोग अशुद्ध पाणी, अपुरे अन्न आणि दाटीची वस्ती यांच्याशी जोडलेले आहेत. कारखान्यातील, रस्त्यावरील आणि बांधकामावरील अपघातही प्रामुख्याने कष्टकऱ्यांच्याच वाट्याला येतात. म्हणजे स्टोमा हा काही सुखवस्तू वर्गाचा आजार नव्हे.

परंतु त्यासाठीची साधने मात्र सुखवस्तू माणसाचे जीवन डोळ्यांपुढे ठेवून घडवली गेली आहेत. परदेशी कंपन्यांच्या माहितीपत्रकांतून ‘सक्रिय जीवना’ची चित्रे असतात. पोहण्याचा तलाव, सायकलची रपेट, समुद्रकाठची धाव! आपल्या देशातील बहुसंख्य रुग्णांचे सक्रिय जीवन याहून वेगळे आहे. ते उकिडवे बसून खुरपणी करण्याचे, डोक्यावर भारा वाहण्याचे, पाठीवर पोते घेऊन जिना चढण्याचे, उन्हात घामाघूम होण्याचे जीवन आहे. या जीवनात पोटावरची पिशवी घट्ट टिकेल काय? हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु ज्याच्या रोजीचे उत्तर त्यावरच अवलंबून आहे, त्याच्या दृष्टीने त्याहून मोठा प्रश्न नाही.

दुर्गापुऱ्याच्या वाफ्यांपासून

मुंबईहून सवाई माधोपूरमार्गे जयपूरला जाणारी गाडी शहरात शिरण्यापूर्वी दुर्गापुरा स्थानकावरून जाते. जयपूरच्या दक्षिणेस टोंक मार्गावर वसलेल्या या भागात राजस्थान कृषी संशोधन संस्था आहे. गहू आणि जव यांच्या वाणांवरील कामासाठी ती प्रसिद्ध आहे. वाणाचे नाव अहवालात छापले जाते. त्या वाणाचा वाफा निंदणाऱ्या, कापणी करणाऱ्या हातांचे नाव कोठेच येत नाही. याच टोंक मार्गाने थोडे पुढे गेले की सांगानेर लागते. तेथे कापडावर ठसे उमटवणारे छिपे लांब मेजांवर दिवसभर वाकून उभे असतात. पोट मेजाच्या कडेला टेकलेले, एक हात ठशावर, दुसरा त्यावर ठोकणारा. राजस्थानच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो, तेव्हा या मेजांवर आणि त्या वाफ्यांत घामाच्या धारा लागतात.

आता या ठिकाणी स्टोमा असलेल्या माणसाची कल्पना करावी. पिशवीला चिकटपणा देणारी चकती, जिला रुग्णालयात फ्लँज म्हणतात, ती कोरड्या व सपाट त्वचेवरच धरते. घामाने कातडी ओलसर झाली की तिची पकड सुटू लागते. माणूस उकिडवा बसला की पोटाला वळी पडते आणि चकतीची कड उचलली जाते. मेजाची कड पिशवीवर दाबली गेली की आतील द्रव चकतीखाली घुसतो. स्त्रीच्या निऱ्या खोचण्याची, घागऱ्याची नाडी आवळण्याची आणि पुरुषाच्या धोतराचा कासोटा बांधण्याची जागा बहुधा तीच, जेथे शल्यचिकित्सकाने स्टोमा काढलेला असतो. लहान आतड्यातून येणाऱ्या द्रवात पाचक रस असतात. तो द्रव कातडीला लागला की ती भाजल्यासारखी सोलवटते. सोलवटलेल्या कातडीवर पुढची चकती मुळीच टिकत नाही. गळतीतून जखम आणि जखमेतून पुन्हा गळती, असे हे चक्र एकदा सुरू झाले की माणूस प्रथम कामावर जायचे टाळतो, मग बसने जायचे टाळतो, मग चारचौघांत बसायचेही टाळतो. त्याला कोणी नोकरीवरून काढलेले नसते, पण त्याचा रोजगार गेलेला असतो.

ही गोष्ट केवळ राजस्थानची आहे असे महाराष्ट्रातील वाचकाने मानू नये. सोलापूरची विडी कामगार स्त्री सूप मांडीवर घेऊन दिवसभर मांडी घालून बसते. उसाच्या फडातला तोडकामगार कमरेत वाकून कोयता चालवतो आणि मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर चढतो. वाशीच्या बाजार समितीतला माथाडी पाठीवर पोते वाहतो. मुंबईच्या लोकलमध्ये तर धड उभे राहायलाही जागा नसते आणि चहूबाजूंनी पोटावर दाब येतो. या प्रत्येकाला पिशवी बसवताना तिचा विचार रुग्णालयातल्या खाटेवर निजलेल्या शरीरावरून केला जातो. दोष तेथेच आहे.

जयपूरने एकदा दिलेले उत्तर

शरीराला जोडायचे साधन हे कष्टकऱ्याच्या कामाच्या पद्धतीवरून घडवता येते, हे याच जयपूर शहराने जगाला दाखवून दिलेले आहे. दुर्गापुऱ्यापासून फार दूर नसलेल्या सवाई मानसिंह रुग्णालयात १९६० च्या दशकात पाय गमावलेल्या रुग्णांना परदेशी नमुन्याचा कृत्रिम पाय दिला जात असे. तो बुटात घालून खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी योग्य होता. भारतीय शेतकरी तो पाय घरी नेऊन कोपऱ्यात ठेवून देई आणि कुबड्यांवर चालू लागे, कारण त्या पायाने उकिडवे बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, अनवाणी चिखलात जाता येत नसे. डॉक्टरांनी रुग्णालाच अडाणी ठरवून विषय मिटवला असता तर नवल नव्हते. परंतु अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी आणि फारसे शालेय शिक्षण न लाभलेले कुशल कारागीर रामचंद्र शर्मा यांनी उलट मार्ग धरला. दोष पायाचा आहे, पाय वापरणाऱ्याचा नाही, हे त्यांनी मान्य केले. टायरवर रबर चढवणाऱ्या कारागिरांच्या तंत्रातून रबराचे पाऊल ओतण्याची युक्ती निघाली आणि १९६८ च्या सुमारास ‘जयपूर फूट’ जन्माला आला. १९७५ साली भगवान महावीर विकलांग सहायता समितीची स्थापना झाली आणि तो पाय मोठ्या प्रमाणावर विनामूल्य बसवला जाऊ लागला. १९८१ साली डॉ. सेठी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सन्मानाच्या प्रसंगी कारागिराचे नाव डॉक्टरच्या नावामागे पडते, हाही आपल्या समाजाचा नित्याचा न्याय येथे दिसून आला.

या कामाची अतिस्तुती करण्याचे कारण नाही. त्या पायाच्या टिकाऊपणाविषयी व जोडणीच्या दर्जाविषयी तज्ज्ञांनी वेळोवेळी आक्षेप घेतले आहेत. शिवाय तो लोकांपर्यंत पोचला तो बव्हंशी देणग्यांच्या बळावर, नागरिकाचा हक्क म्हणून नव्हे. परंतु त्यातला मूळ धडा खरा आहे. साधनाची परीक्षा प्रयोगशाळेत नव्हे तर शेतात व्हावी आणि कारागीर, रुग्ण व डॉक्टर यांनी एका बाकावर बसून ते घडवावे. पायाच्या बाबतीत जे झाले, ते पोटावरच्या पिशवीच्या बाबतीत का होऊ नये? कापलेला पाय दिसतो, म्हणून त्यासाठी दानशूरही पुढे येतात. पोटावरची पिशवी कपड्याखाली लपलेली असते आणि तिच्याविषयी बोलण्याची लाज वाटते. दयेवर चालणारी व्यवस्था जे दिसते त्यालाच मदत करते. न दिसणाऱ्या दुःखाला हक्काचाच आधार लागतो.

चिकटपणाचा इतिहास कोणी घडवला?

पिशवीचे तंत्र ही मोठ्या कंपन्यांची देणगी आहे, असा समज सर्वत्र आढळतो. इतिहास काय सांगतो? १९५४ साली डेन्मार्कमधील एलिझे सोरेनसेन नावाच्या परिचारिकेने, आपल्या बहिणीला शस्त्रक्रियेनंतर गळतीच्या भीतीने घराबाहेर पडता येईना हे पाहून, पोटाला चिकटणाऱ्या आणि वापरून टाकून देण्याच्या पिशवीची कल्पना मांडली. त्या कल्पनेवर एका प्लास्टिक कारखानदाराने पुढे बहुराष्ट्रीय व्यवसाय उभारला. अमेरिकेत क्लीव्हलँड येथील शल्यचिकित्सक रूपर्ट टर्नबुल यांनी १९५८ साली नॉर्मा गिल या स्वतः इलिओस्टोमी झालेल्या रुग्ण स्त्रीलाच रुग्णालयात कामावर घेतले आणि तिच्या अनुभवातून स्टोमा-शुश्रूषा हा परिचर्येचा एक स्वतंत्र विषय उभा राहिला. एका बाजूला परिचारिका, दुसऱ्या बाजूला रुग्ण. शोध त्यांचा, नफा मात्र इतरांचा.

याहून मर्मभेदी गोष्ट पुढेच आहे. टर्नबुल यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी स्टोमाभोवतीच्या कातडीच्या रक्षणासाठी जो पदार्थ वापरात आणला, तो कराया डिंक होता. ओल लागली की तो फुगतो आणि कातडीला धरून बसतो. पुढे बरीच वर्षे पाश्चात्त्य देशांतील पिशव्यांची कडी याच डिंकाची बनत. हा डिंक येतो कोठून? आपल्या देशातील कोरड्या डोंगराळ जंगलात वाढणाऱ्या, पांढुरक्या सालीच्या कांडोळ या झाडाच्या खोडातून. आंध्र, मध्य प्रदेश, महाराष्ट्र, गुजरात आणि राजस्थान यांच्या रानांत आदिवासी स्त्रीपुरुषांनी खोडाला खाचा पाडून तो गोळा केला, व्यापाऱ्याने तो मातीमोलाने घेतला आणि बोटीने परदेशी पाठवला. तिकडच्या रुग्णाची पिशवी त्याने पोटाला धरून राहिली. इकडे ज्याच्या रानातला तो डिंक, त्याच आदिवासीच्या पोटावर स्टोमा काढण्याची वेळ आली तर त्याच्या हाती काय पडे? फडके, किंवा सुतळीने कमरेला बांधलेली साधी प्लास्टिकची पिशवी! वसाहतीच्या व्यापाराचे स्वरूप याहून स्पष्ट शब्दांत सांगता येणार नाही.

कराया उष्णतेने आणि लघवीने लवकर विरघळतो, म्हणून १९७० च्या दशकापासून त्याची जागा पेक्टिन, जिलेटिन आणि सेल्युलोजचे एक रूप यांच्या मिश्रणाने घेतली. आजच्या चांगल्या चकत्या याच जातीच्या आहेत आणि त्या निश्चितच अधिक टिकतात. नव्या तंत्राला नाक मुरडण्याचे कारण नाही. परंतु पेक्टिन फळांच्या सालींतून निघते, सेल्युलोज वनस्पतींतून आणि जिलेटिन जनावरांच्या हाडाकातड्यांतून. यातले काय आपल्या देशात नाही? ज्या देशाने औषधांच्या उत्पादनात सार्वजनिक क्षेत्राच्या आधारे परदेशी मक्तेदारी मोडून दाखवली, त्याला पोटाला चिकटणारी एक चकती स्वस्तात बनवणे अशक्य आहे, असे कोण म्हणेल?

हाती असलेल्या उपायांविषयी

व्यवस्था बदलेपर्यंत रुग्णाने हातावर हात ठेवून बसावे असा याचा अर्थ नव्हे. पिशवी टिकण्याच्या कामी जे ज्ञान उपलब्ध आहे, तेही आपल्या रुग्णालयांतून रुग्णापर्यंत पोचत नाही, म्हणून त्यातील मुख्य गोष्टी येथे नमूद करणे अगत्याचे वाटते. आपल्या कार्यकर्त्यांनी त्या समजून घ्याव्यात आणि आपापल्या वस्तीत सांगाव्यात.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट शस्त्रक्रियेपूर्वीची आहे. तातडीची शस्त्रक्रिया नसेल तर स्टोमाची जागा आधी शाईने आखून घेतली पाहिजे. ती आखताना रुग्णाला निजवून, बसवून, उभे करून पाहावे, असे शास्त्र सांगते. आपल्याकडे त्यात उकिडवे बसणे, मांडी घालणे आणि कामाच्या पद्धतीने वाकणे यांची भर घातलीच पाहिजे. निऱ्यांची, नाडीची, पट्ट्याची रेषा टाळावी. जुना व्रण, हाडाचा उंचवटा आणि पोटाची वळी टाळावी. जागा रुग्णाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसली पाहिजे. पाच मिनिटांचे हे काम न केल्यामुळे माणसाला वर्षानुवर्षे गळती सोसावी लागते.

दुसरी गोष्ट मापाची. शस्त्रक्रियेनंतर स्टोमा सुजलेला असतो आणि सहा ते आठ आठवड्यांत तो आकसतो. रुग्णालयातून निघताना कापून दिलेल्या मापाचेच छिद्र पुढे कायम ठेवले तर कडेची कातडी उघडी पडते आणि जळते. म्हणून या काळात पुन्हापुन्हा माप घ्यावे आणि चकतीचे छिद्र स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठे ठेवावे. स्टोमा आत ओढला गेला असेल तर सपाट चकती उपयोगाची नाही. बहिर्गोल चकती आणि कमरेचा लवचिक पट्टा लागतो. पट्टा इतकाच आवळावा की त्याखाली दोन बोटे सहज जातील.

तिसरी गोष्ट कातडीची. ती साध्या पाण्याने धुवून पूर्ण कोरडी करावी. तेल, मलम, तेलकट साबण लावू नये, कारण त्याच्या थरावर काहीच चिकटत नाही. केस असतील तर ते काळजीपूर्वक कातरावेत. चकती लावण्यापूर्वी दोन्ही तळव्यांत धरून कोमट करावी आणि लावल्यावर थोडा वेळ हाताने दाबून धरावी. वळ्या वा खड्डे असतील तर ते पेस्टने भरून घ्यावेत. पिशवी एक तृतीयांश ते अर्धी भरताच रिकामी करावी. ती पूर्ण भरू दिली तर तिच्या वजनानेच चकती सुटते. जादा पिशव्या पत्र्याच्या छपराखाली वा उन्हात ठेवू नयेत, उष्णतेने त्यांचा डिंक बिघडतो. गळती जाणवली तर वरून चिकटपट्टी मारून दिवस काढण्यापेक्षा चकती बदलणे हेच हिताचे.

चौथी गोष्ट श्रमाची. शस्त्रक्रियेनंतर निदान सहा ते आठ आठवडे जड वजन उचलू नये. अन्यथा स्टोमाशेजारी हर्निया होतो आणि मग कोणतीही पिशवी नीट बसत नाही. त्यानंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने काम हळूहळू वाढवावे आणि वजन उचलताना पोटाला आधाराचा पट्टा वापरावा. इलिओस्टोमीच्या रुग्णाच्या शरीरातून पाणी आणि मीठ सतत जात असते. उन्हात काम करताना त्याने नुसते पाणी न पिता मीठ-साखरेचे जीवनजल घेतले पाहिजे. डाव्या बाजूची कायमची कोलोस्टोमी असलेल्या काही रुग्णांना दिवसाआड वा रोज ठरलेल्या वेळी कोमट पाण्याने आतडे धुण्याची पद्धत शिकवता येते. मधला काळ मग बराचसा निर्धास्त जातो आणि पिशव्यांचा खर्चही वाचतो. पण ती प्रशिक्षित परिचारिकेकडूनच शिकावी. शिवाय त्यासाठी घरात पुरेसे पाणी आणि स्वतंत्र शौचालय लागते. येथेच प्रश्न पुन्हा व्यक्तीकडून समाजाकडे वळतो.

हक्काचा प्रश्न

मुंबईत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात स्टोमा-परिचारिकांचे प्रशिक्षण चालते. ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही रुग्णांची संघटना मुंबईतूनच अनेक वर्षे काम करीत आली आहे आणि जुना रुग्ण नव्या रुग्णाच्या खाटेपाशी जाऊन त्याला धीर देतो, ही तिची रीत कोणत्याही औषधाइतकीच मोलाची आहे. परंतु परळ ते गडचिरोली आणि जयपूर ते बाडमेर हे अंतर अशा संस्थांनी एकट्याने कापायचे काय?

शासनाचा व्यवहार पाहा. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत रुग्णालयातून सुटल्यानंतरच्या पंधरा दिवसांपर्यंतचा खर्च धरलेला आहे. कायमचा स्टोमा मात्र जन्मभराचा असतो. सोळाव्या दिवशी रुग्णाने काय करावे? चांगल्या चकती-पिशवीच्या एका संचाची किंमत मजुराच्या दिवसाच्या मजुरीशी बरोबरी करते, कित्येकदा ती ओलांडते. २०२५-२६ साली ग्रामीण रोजगार हमीची दैनिक मजुरी राजस्थानात २८१ रुपये आणि महाराष्ट्रात ३१२ रुपये होती. आठवड्याला दोन संच लागले तर दोन दिवसांची मजुरी पोटाला चिकटवून टाकावी लागते. म्हणून माणूस तीच पिशवी धुवून, चकतीला दोऱ्या बांधून, आठ-आठ दिवस चालवतो. मग कातडी सोलवटते, काम बुडते आणि उरलेली मजुरीही जाते. स्वस्त आणि गळकी पिशवी देणे ही काटकसर नव्हे. बुडालेल्या मजुरीच्या रूपाने तिची किंमत रुग्णच भरत असतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे एकवीस प्रकार नोंदले आहेत. स्टोमाधारक त्यांत नावाने नाही. परंतु त्याच कायद्याच्या परिशिष्टात केंद्र सरकारने अधिसूचना काढून अन्य प्रकार समाविष्ट करण्याची तरतूद आहे. म्हणजे नवा कायदाही करावा लागत नाही, इच्छा लागते! अपंगांना साधने पुरवण्याची केंद्राची योजना १९८१ पासून चालू आहे. तिच्यातून चाकाची खुर्ची मिळू शकते, तर पोटावरची पिशवी का मिळू नये? राजस्थानात २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी रुग्णालयांतून मोफत औषधे देण्याची योजना आहे आणि २०२३ साली त्या राज्याच्या विधानसभेने आरोग्याच्या हक्काचा कायदाही संमत केला. ज्या राज्यात कायद्याने आरोग्य हा हक्क मानला गेला, तेथे स्टोमाची पिशवी ही त्या हक्काची पहिली परीक्षा ठरावी. इंग्लंडमध्ये कायमचा स्टोमा असलेल्या रुग्णाला औषधचिठ्ठीचे शुल्क माफ असते. आंतरराष्ट्रीय ऑस्टोमी संघटनेने १९९३ साली जाहीर केलेल्या हक्कांच्या सनदेत योग्य जागी काढलेला स्टोमा, शुश्रूषेतील तज्ज्ञ मदत आणि परवडणाऱ्या साधनांची उपलब्धता हे हक्कच मानले आहेत.

‘सरकारकडे पैसा नाही’ हे उत्तर आपल्या परिचयाचे आहे. परंतु शस्त्रक्रियेवर हजारो रुपये खर्च करून वाचवलेला माणूस एका चकतीअभावी घरात कोंडून ठेवणे, हाच खरा अपव्यय नव्हे काय? ‘स्वदेशी माल निकृष्ट असतो’ हेही ऐकू येते. निकृष्ट माल खपतो तो परीक्षा करणारा कोणी नसल्यामुळे. ती परीक्षा दुर्गापुऱ्याच्या वाफ्यात, सांगानेरच्या मेजावर, उसाच्या फडात आणि वाशीच्या धक्क्यावर होऊ द्या. कोणती चकती आठ तासांच्या घामाला टिकली, याची नोंद वापरणाऱ्या कामगाराच्या तोंडून घ्या, आणि तीच नोंद सरकारी खरेदीची अट करा.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असल्या पाहिजेत. स्टोमाच्या पिशव्या, चकत्या आणि पट्टे आवश्यक औषधांप्रमाणे प्राथमिक आरोग्य केंद्रातून गरज असेल तोवर विनामूल्य मिळावेत. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात प्रशिक्षित स्टोमा-परिचारिका असावी आणि शस्त्रक्रियेपूर्वी जागा आखणे बंधनकारक असावे. तात्पुरता स्टोमा बंद करण्याच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी गरीब रुग्णाला महिनोन्‌महिने तिष्ठत ठेवले जाऊ नये. सार्वजनिक क्षेत्रात या साधनांचे संशोधन आणि उत्पादन व्हावे. दिव्यांग हक्क कायद्याखाली स्टोमाधारकांची नोंद व्हावी. आणि कामाच्या प्रत्येक जागी पाणी, आडोसा व स्वच्छ शौचालय असावे. ही शेवटची मागणी कामगार चळवळीइतकीच जुनी आहे, आणि ज्याला दिवसातून अनेकदा पिशवी रिकामी करावी लागते त्याच्यासाठी तर ती कामावर राहण्याची पूर्वअट आहे.

आपल्या कामगार संघटनांनी आणि किसान सभांनी हा प्रश्न ‘वैद्यकीय’ म्हणून बाजूला सारू नये. जो साथी शस्त्रक्रियेनंतर युनियनच्या सभेला यायचा थांबला, तो का थांबला हे त्याच्या घरी जाऊन विचारावे. जी शेतमजूर बाई इतरांपासून दूर बसून भाकरी खाते, तिच्याशेजारी बसावे. मालकाने हलके काम नाकारले तर ते मागण्यासाठी संघटनेने उभे राहावे. लाज ही एकट्या माणसाला वाटते. दहा माणसांनी तोच प्रश्न आरोग्य केंद्राच्या दारात एकत्र विचारला की ती मागणी होते. कष्टकऱ्याचे शरीर हीच त्याची एकमेव मालमत्ता आहे. त्या शरीराला लागणारे साधन त्याच्या श्रमाच्या मापाचे असावे आणि ते त्याला हक्काने मिळावे, यासाठीचा लढा हा आपल्या रोजच्या लढ्याचाच भाग आहे.